उषवदाताची पाणपोई आणि आजचे पर्यटन

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीवरून जाणारा त्र्यंबक रस्ता पुढे समुद्रापर्यंत पोहोचतो. त्र्यंबकेश्वर, मोखाडा, जव्हार, विक्रमगड अशी गावे मागे टाकली की डहाणूचा किनारा लागतो. हे अंतर दीडशे किलोमीटरच्या आतले आहे. याच सातपूरहून विरुद्ध दिशेला अर्ध्या तासात त्रिरश्मी डोंगरावरील पांडवलेणी गाठता येतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेल्या या लेण्यांतील शिलालेखांवाचून सातवाहनांचा इतिहास लिहिताच येत नाही. प्राचीन वास्तू आणि उन्हात न्हालेले किनारे पाहण्यासाठी जगभरचे लोक ग्रीसला आणि इजिप्तला जातात. ते दोन्ही सातपूरच्या कामगाराच्या दोन हातांवर आहे. तरीही मे महिन्याची किंवा दिवाळीची सुटी लागली की या वसाहतीतील बहुसंख्य कुटुंबे गावाकडची एस.टी. धरतात, फार तर वणीला किंवा शिर्डीला एक खेप करतात. असे का होते, याचे उत्तर कामगाराच्या आवडीनिवडीत शोधण्यापेक्षा आपल्या पर्यटनविषयक विचारात शोधणे अधिक योग्य ठरेल.

महाराष्ट्राच्या पदरी काय आहे याची उजळणी आधी केलेली बरी. अजिंठा आणि वेरूळ १९८३ मध्ये, घारापुरी १९८७ मध्ये, मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस २००४ मध्ये, पश्चिम घाट २०१२ मध्ये आणि दक्षिण मुंबईतील व्हिक्टोरियन व आर्ट डेको वास्तूंचा समूह २०१८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला. ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची त्यात भर पडली. त्यांपैकी अकरा किल्ले महाराष्ट्रात आहेत. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार तर प्रत्यक्ष समुद्रातले किंवा समुद्रालगतचे आहेत. बागलाणचा साल्हेर नाशिक जिल्ह्यातच आहे. वारसा आणि किनारा यांची अशी जोडी एकाच राज्यात फार थोड्या ठिकाणी आढळेल. तेव्हा स्थळांची वाण आपल्याकडे नाही. वाण आहे ती त्या स्थळापर्यंत सामान्य कुटुंबाने सुखरूप पोहोचावे, तेथे माणसासारखे राहावे आणि परत यावे यासाठी लागणाऱ्या साध्या गोष्टींची.

दहाव्या लेण्यातील यादी

या साध्या गोष्टींची एक यादी पांडवलेण्यांतच कोरून ठेवलेली आहे. दहाव्या क्रमांकाचे लेणे क्षहरात क्षत्रप नहपानाच्या काळातले आहे. त्याचा जावई उषवदात याने तेथे आपल्या दानधर्माचा तपशील लिहवून ठेवला. काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपूर म्हणजे मंदसौर, शूर्पारक म्हणजे नालासोपाऱ्याजवळचे सोपारे आणि गोवर्धन या चार ठिकाणी त्याने प्रवाशांसाठी चौसोपी विश्रामगृहे बांधली. बागा केल्या, तळी आणि विहिरी खोदल्या. तापी, दमणा, पारदा, डाहणुका आदी सहा नद्यांवर नावा ठेवल्या आणि उतारूंकडून पैसा न घेता त्यांना पैलतीरी पोहोचविण्याची सोय केली. त्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर बसण्याउठण्याच्या जागा आणि पाणपोया उभारल्या.

यांतील दमणा ही आजची दमणगंगा आणि पारदा ही आजची पार. या दोन्ही नद्या नाशिक जिल्ह्याच्या डोंगरांत उगम पावून पश्चिम समुद्राला मिळतात. डाहणुकेचा संबंध डहाणूशी जोडला जातो. गोवर्धन तर सातपूरच्या शेजारीच, गंगापूरच्या बाजूला, आजही त्याच नावाने नांदत आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याच्या आज्ञा याच गोवर्धनातील अमात्याला उद्देशून काढलेल्या आहेत. त्या काळात देशावरील नाशिक आणि अपरान्ताचा किनारा हे एकाच प्रवासाचे दोन टप्पे होते. घाटमाथ्यावरून बंदराकडे जाणाऱ्या व्यापाऱ्याला, यात्रेकरूला आणि भिक्षूला काय लागते याचा विचार उषवदाताने केला. निवारा, पाणी, सावली आणि नदी ओलांडण्याची खात्रीची सोय, एवढीच ती यादी आहे. एकोणीस शतकांनंतर राज्याच्या पर्यटनाचा ताळेबंद मांडायचा झाला तर याहून चांगली कसोटी मिळणार नाही.

आधी सुटी, मग सहल

उषवदाताच्या यादीत एक बाब नाही, कारण त्या काळी तिची गरज नव्हती. ती म्हणजे हक्काची पगारी सुटी. सातपूरसारखी वस्ती घड्याळावर चालते. वाहने, टायर, इंजिनाचे सुटे भाग यांचे मोठे कारखाने आणि त्यांना माल पुरविणारी असंख्य लहान युनिटे येथे आहेत. मोठ्या कारखान्यातील कायम कामगाराला वार्षिक रजा, प्रवास भत्ता आणि युनियनचा आधार असतो. लहान युनिटातील किंवा कंत्राटी कामगाराची गोष्ट निराळी आहे.

१९४८ च्या कारखाना कायद्यानुसार वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस, म्हणजे किमान बारा दिवस पगारी रजा मिळत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनी ही अट १८० दिवसांवर आणली. ही सुधारणा स्वागतार्ह आहे, कारण वर्षाच्या मध्यावर कामाला लागलेल्यांनाही तिचा लाभ मिळू शकेल. परंतु १८० दिवसांची रजा होते नऊ दिवस. आजारपण, गावाकडचे लग्न आणि शेतीची कामे यांतून उरतात दोन किंवा तीन. कंत्राटदार बदलला की सेवेचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल ही धास्ती असतेच. प्रवास खर्चावरील प्राप्तिकर सवलत जुन्या कररचनेपुरतीच आहे आणि ती मुळात ज्याच्या वेतनात प्रवास भत्ता आहे त्याच्याच कामाची.

अशा कुटुंबाच्या हाती असलेले तीन दिवस मोठ्या काटकसरीने वापरावे लागतात. अजिंठ्याची लेणी सोमवारी आणि वेरूळची मंगळवारी बंद असतात. सिंधुदुर्ग किंवा जंजिऱ्याकडे जाणाऱ्या होड्या मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत थांबतात आणि शाळांना मोठी सुटी असते ती नेमकी मे आणि जूनच्या पूर्वार्धात. एक दिवस चुकला तर सारी सहल वाया जाते. ज्याच्यापाशी आठवडा आहे त्याला ही चूक परवडते. ज्याच्यापाशी तीन दिवस आहेत तो पुढच्या वेळी गावीच जातो.

नाव, पूल आणि लाटा

पैलतीरी सुखरूप पोहोचविणे ही उषवदाताच्या यादीतील दुसरी बाब. या बाबतीत आपली नोंद अभिमान वाटावा अशी नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या महाविद्यालयातून सहलीला आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली आणि डझनाहून अधिक जीव गेले. १५ जून २०२५ रोजी पुणे जिल्ह्यातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला आणि चौघे मृत्युमुखी पडले.

या तिन्ही घटनांची कारणे भिन्न आहेत, आणि प्रत्येकीची जबाबदारी निश्चित करणे हे त्या त्या यंत्रणेचे काम आहे. पण त्यांत एक समान धागा दिसतो. बळी गेले ते प्रामुख्याने एका दिवसासाठी बाहेर पडलेले, थोड्या पैशांत मोठा आनंद शोधणारे लोक होते. आलिशान हॉटेलात उतरणाऱ्याच्या सुरक्षेची काळजी हॉटेल वाहते. एस.टी.ने किंवा भाड्याच्या गाडीने आलेल्या कुटुंबाची काळजी कोणी वाहायची, हा प्रश्न दुर्घटना घडेपर्यंत कोणाच्याच टेबलावर नसतो. ती घडली की बंदी येते. धबधबे बंद, धरणे बंद, किनाऱ्यावर जमावबंदी. बंदीमुळे स्थळ सुरक्षित होत नाही, लोक फक्त पहारा नसलेल्या दुसऱ्या जागी जातात. प्रशिक्षित जीवरक्षक, धोक्याची पातळी दाखविणारे निशाण, प्रत्येक उतारूच्या अंगावर जीवरक्षक जाकीट आणि बोटीच्या क्षमतेएवढेच प्रवासी, एवढ्या गोष्टी कोणत्याही परवडणाऱ्या अंदाजपत्रकात बसतात.

निवारा कोणासाठी?

तिसरी बाब निवाऱ्याची. राज्याचे पर्यटन विकास महामंडळ १९७५ पासून काम करीत आहे. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावू लागली. चिपीचा विमानतळ २०२१ मध्ये सुरू झाला. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम मात्र २०११ मध्ये सुरू होऊन दीड दशक रेंगाळले. २०२४ मध्ये राज्याने नवे पर्यटन धोरण जाहीर केले. दहा वर्षांत एक लाख कोटी रुपयांची खासगी गुंतवणूक आणि १८ लाख रोजगार हे त्याचे उद्दिष्ट आहे. मोठ्या प्रकल्पांना करांत व शुल्कांत सवलती देऊन गुंतवणूक आणण्याचा हा मार्ग आहे.

गुंतवणूक यायलाच हवी. रोजगारही हवेतच. परंतु गुंतवणुकीच्या आकड्यावरून पर्यटनाचे यश मोजू लागलो की निवाऱ्याची व्याख्याच बदलते. मग किनाऱ्यावर रिसॉर्ट उभे राहते आणि त्याच किनाऱ्यावर एका दिवसासाठी आलेल्या बाईला स्वच्छतागृहासाठी वणवण करावी लागते. सातपूरलगतचे गोवर्धनच पाहावे. या परिसरातील द्राक्षमळे आणि वाईनरी यांनी गेल्या दोन दशकांत नाशिकला पर्यटनाच्या नकाशावर नवी ओळख दिली, मुंबईकरांचा शनिवार-रविवार येथे आणला आणि स्थानिकांना काम दिले. हे यश नाकारण्याचे कारण नाही. पण ज्या गोवर्धनात कधीकाळी वाटसरूसाठी चौसोपी विश्रामगृह होते, तेथे आज येणाऱ्या पाहुण्यांत चार किलोमीटरवरच्या कामगार वसाहतीतील कुटुंब सहसा नसते, हेही तितकेच खरे.

मधल्या उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी महाराष्ट्राने एक चांगला प्रयोग केला होता, तो न्याहरी आणि निवास योजनेचा. कोकणातल्या घरमालकाने आपल्या घरातील दोन-चार खोल्या पाहुण्यांना द्यायच्या, सकाळी पोहे किंवा घावन घालायचे आणि रास्त पैसे घ्यायचे. यात भांडवल थोडे आणि पैसा गावात राहणारा. २०२३ च्या ‘आई’ या महिलाकेंद्री पर्यटन धोरणात महिला उद्योजकांच्या कर्जावरील व्याजाचा परतावा देण्याची तरतूद आहे, तीही याच दिशेची आहे. डहाणू, बोर्डी, जव्हार या पट्ट्यात अशा घरगुती निवाऱ्यांचे जाळे दाट झाले तर नाशिककरांना जवळचा समुद्र मिळेल आणि तेथील आदिवासी व मच्छीमार कुटुंबांना हंगामी मजुरीखेरीज दुसरे उत्पन्न.

मात्र तो किनारा तसाच राहील का, हाही प्रश्न आहे. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला. त्याच किनाऱ्यावरील वाढवण येथे सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. मच्छीमारांचा त्याला जुना विरोध आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि वाढवणला त्या महामार्गाशी जोडणाऱ्या द्रुतगती मार्गाला राज्य सरकारने त्याच वर्षी मान्यता दिली. म्हणजे नाशिक आणि समुद्र यांचे प्राचीन नाते पुन्हा जुळणार आहे, पण कंटेनरच्या वाहतुकीसाठी. त्या रस्त्यांवरून प्रवासी कुटुंबालाही जाता यावे, त्यांच्या कडेला थांबे, पाणी आणि स्वच्छतागृहे असावीत आणि किनाऱ्याचा काही भाग तरी माणसांसाठी राखून ठेवावा, हा आग्रह आत्ताच धरला पाहिजे. सिमेंट ओतून झाल्यावर धरलेल्या आग्रहाला अर्थ उरत नाही.

मुद्दल अबाधित

उषवदाताच्या लेखातील आणखी एक तपशील आजच्या नियोजनकारांनी वाचण्यासारखा आहे. त्याने लेणे दान दिले आणि तेथे राहणाऱ्या भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापणांची ठेव गोवर्धनातील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. त्यातील दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज होते २४० कार्षापण. त्यातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावेत, अशी योजना होती. मुद्दल परत घ्यायचे नाही, केवळ व्याज वापरायचे, हेही लेखात नमूद आहे. वास्तू उभारणाऱ्याने तिच्या पुढच्या खर्चाचीही सोय लावली, आणि ती गावातल्याच कारागिरांच्या हाती सोपविली.

आपल्याकडे याच्या उलट घडते. उद्घाटनासाठी निधी असतो, देखभालीसाठी नसतो. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला, म्हणजे पुरते नऊ महिनेही झाले नव्हते. मे २०२५ मध्ये तेथे नवा पुतळा उभा राहिला. समोरच्या समुद्रात १६६४ ते १६६७ या काळात बांधलेला सिंधुदुर्ग साडेतीन शतके लाटा झेलत उभा आहे. दोन्ही वास्तू एकाच पर्यटकाला एकाच दिवशी दिसतात आणि त्यांच्यातील फरक त्याला कोणी समजावून सांगावा लागत नाही.

जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या साल्हेरवर, रायगडावर आणि विजयदुर्गावर आता गर्दी वाढेल. साल्हेरसारख्या दुर्गम आणि राज्यातील सर्वाधिक उंचीच्या किल्ल्यावर पिण्याचे पाणी, कचऱ्याची व्यवस्था, पायथ्याच्या गावातील मार्गदर्शक आणि अपघात झाल्यास खाली आणण्याची सोय यांसाठी दरवर्षी पैसा लागेल. त्याची तजवीज एकदाच करून ठेवणे आणि व्याजावर ती चालविणे हे दुसऱ्या शतकात जमले होते. प्रत्येक स्थळाच्या तिकिटाच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा त्याच गावात ठेवला तर आजही जमेल.

ग्रीसकडून घ्यायचे ते

पर्यटनावर जगणाऱ्या ग्रीससारख्या देशाने गेल्या काही वर्षांत दोन धडे गिरविले आहेत. एक म्हणजे गर्दीला मर्यादा हवी. अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवर सप्टेंबर २०२३ पासून दिवसाला वीस हजार पर्यटकांची मर्यादा आली आणि प्रत्येकाला ठरलेली वेळ मिळू लागली. सँटोरिनी आणि मिकोनोस या बेटांवर मोठ्या प्रवासी जहाजांतून उतरणाऱ्यांना २०२५ पासून ऐन हंगामात वीस युरोपर्यंत शुल्क बसले. दुसरा धडा आपल्याकडे फारसा चर्चिला जात नाही. तेथील सरकारी रोजगार यंत्रणा कामगारांसाठी आणि बेरोजगारांसाठी सामाजिक पर्यटनाची योजना चालविते. पात्र कुटुंबाला देशांतर्गत सुटीसाठी अनुदानित कूपन मिळते. त्यामुळे आपल्याच देशातील किनारे केवळ परदेशी पाहुण्यांसाठी उरत नाहीत आणि लहान हॉटेलांनाही हंगामाबाहेर गिऱ्हाईक मिळते.

महाराष्ट्रात कामगार कल्याणाची मंडळे आहेत, महामंडळाची निवासस्थाने आहेत, एस.टी.चे जाळे आहे. या तिघांना एकत्र आणून आठवड्याच्या मधल्या दिवसांत आणि बिगर हंगामात कामगार कुटुंबांसाठी स्वस्त सहली आखणे अवघड नाही. सातपूरच्या कामगाराला अजिंठा परवडत नाही असे नाही. अजिंठ्याचे तिकीट भारतीयांसाठी दोन चहा-नाश्त्यांच्या पैशांत येते. त्याला परवडत नाही ती गाडी, खोली आणि बुडालेला दिवस.

सिंहस्थानंतर काय उरेल?

नाशिककरांसाठी हा विषय तातडीचा आहे तो सिंहस्थामुळे. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधील अमृतस्नानांना लक्षावधी भाविक येतील, आणि त्र्यंबकेश्वराकडे जाणारा त्यांचा रस्ता सातपूरवरूनच जातो. रस्ते, घाट, निवारे आणि स्वच्छतागृहे यांवर मोठा खर्च होत आहे. प्रत्येक सिंहस्थानंतर तंबू उतरतात, पत्रे निघतात आणि शहरापाशी उरते काय, हा प्रश्न बारा वर्षांसाठी मागे पडतो.

या वेळी तो आधीच विचारला पाहिजे. त्र्यंबक रस्त्यावर कायमचे, माफक दराचे एखादे यात्रीनिवास उभे राहावे आणि सिंहस्थ संपल्यावर ते शाळांच्या सहलींना व कामगार कुटुंबांना खुले असावे. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी शिलालेखांचा अर्थ सोप्या मराठीत सांगणारे फलक असावेत. सातपूरहून सुटीच्या दिवशी लेणी, अंजनेरी आणि त्र्यंबक अशी बस फिरावी. जव्हारमार्गे डहाणूपर्यंत एखादी सुटीची गाडी सकाळी निघून रात्री परत यावी. यांतील कोणत्याही गोष्टीला लाख कोटींची गुंतवणूक लागत नाही.

पांडवलेण्यांच्या दोनशे पायऱ्या चढून रविवारी जी मुले वर जातात, ती भिंतीवरील ब्राह्मी अक्षरांवरून हात फिरवून पुढे निघून जातात. त्या अक्षरांत आपल्या शेजारच्या गावाचे नाव आहे, आपल्या जिल्ह्यातील नद्यांची नावे आहेत आणि अनोळखी वाटसरूला पाणी व निवारा देण्याची हमी आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही. ते सांगणे हे पर्यटन खात्याचे पहिले काम. आणि ज्या घरांतून ती मुले येतात, त्या घरांना वर्षातून एकदा तरी समुद्र दिसावा, ही व्यवस्था करणे दुसरे.